दोन दिवस वर्गात, एक दिवस ऑनलाइन: इंटरॅक्शन डिझाइनचा गटप्रकल्प कसा चालवायचा

हायब्रिड म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. टेबलावर एक लॅपटॉप उघडा, वर्गात पंधरा मुलं आणि स्क्रीनवर नऊ काळ्या चौकटी. नुसतं व्याख्यान असेल तर हे रेटून नेता येतं. पण इंटरॅक्शन डिझाइन म्हणजे माणूस एखादी वस्तू किंवा स्क्रीन कशी वापरेल त्याची आखणी. ज्या कोर्समध्ये पुठ्ठा कापायचा आहे, बटणं जोडायची आहेत, अनोळखी माणसाच्या हातात आपली वस्तू देऊन गप्प बसायचं आहे, तिथं ही पद्धत पहिल्याच आठवड्यात कोलमडते. गटातले तिघं टेबलाभोवती आणि चौथी स्क्रीनवर असली की दहा मिनिटांत ती चौथी प्रेक्षक होते. टेबलावरचा कागद तिला दिसत नाही, तिघांची कुजबुज ऐकू येत नाही, आणि "तुझं काय मत?" हा प्रश्न तिच्यापर्यंत पोचतो तोवर निर्णय होऊन गेलेला असतो.

म्हणून पुढच्या सगळ्या आखणीचा पाया एवढाच: एका वेळी सगळे वर्गात, नाहीतर सगळे ऑनलाइन. हाताचं काम आणि माणसांवरची चाचणी कॉलेजात. ऐकणं, वाचणं आणि एकमेकांच्या कामावर लिहिणं घरून. उदाहरण सोलापुरातल्या कॉलेजचं आहे, आणि आकडे २४ विद्यार्थी, ६ गट आणि १५ आठवडे असे धरले आहेत.

तासांचा हिशेब

कोर्स चार क्रेडिटचा, दोन थिअरी आणि दोन प्रॅक्टिकल असा धरा. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास. म्हणजे ३० अधिक ६० असे एकूण ९० तास, आठवड्याला सहा. त्यातले चार तास वर्गात (दोन-दोन तासांचे दोन दिवस) आणि दोन तास ऑनलाइन. सत्राचे ऑनलाइन तास ३० होतात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२१ साली ब्लेंडेड लर्निंगचा, म्हणजे वर्ग आणि ऑनलाइन मिळून शिकवण्याचा, जो मसुदा काढला, त्यात कोर्सचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन घेण्याची सूचना होती. ९० तासांचे ४० टक्के म्हणजे ३६. उरलेले सहा तास मुद्दाम वापरू नका, राखीव ठेवा. (आपल्या विद्यापीठाचा चालू नियम परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर वेळापत्रक बांधू नका.)

हे सहा तास सोलापुरात कुठं जातात ते सांगायला नको. सम सत्र असेल तर मकरसंक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा येते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी निम्मा वर्ग मिरवणुकीत आणि उरलेला निम्मा वर्ग वळवलेल्या रस्त्यांवर अडकलेला असतो. त्या दिवशी हजेरीवरून भांडण्यापेक्षा तो तास आधीच ऑनलाइन जाहीर केलेला बरा. विषम सत्रात आषाढीच्या सुमारास पंढरपूर बाजूने येणाऱ्या मुलांचं असंच होतं.

वर्गातले दोन दिवस सकाळी ११ च्या आधी सुरू करू नका. बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून एसटीने येणारी मुलं आठच्या तासाला पोचत नाहीत, आणि पोचली तरी पहिली वीस मिनिटं बुडालेली असतात. ऑनलाइन तास संध्याकाळी ठेवायचं कारण वेगळं आहे. बऱ्याच घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो दिवसभर वडिलांच्या किंवा भावाच्या खिशात असतो. साडेसातनंतर तो घरी येतो.

ऑनलाइनचे दोन तास

दोन तास सलग व्हिडिओ कॉल हा शिक्षकाचा आळस आहे आणि मुलांच्या डेटाची नासाडी. व्हिडिओसह कॉल तासाला साधारण एक जीबीच्या घरात जातो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकात दुसरं काही उरत नाही. त्यामुळे फक्त ४५ मिनिटं लाइव्ह आणि ७५ मिनिटं स्वतःच्या वेळेत, अशी वाटणी करा. गूगल मीटच्या मोफत खात्यावर गटाचा कॉल ६० मिनिटांनी आणि झूमचा ४० मिनिटांनी तुटतो. वाक्याच्या मधेच कॉल तुटायला नको असेल तर हेही धरून चाला.

७५ मिनिटांसाठी आठवड्याला सहा ते आठ मिनिटांचे दोन-तीन व्हिडिओ पुरतात. ३६० किंवा ४८० पिक्सेलमध्ये काढा. सात मिनिटांची फाइल २५ एमबीच्या आसपास राहिली की ती कुणालाही पाठवता येते. स्लाइड तयार झाली की ती स्वतःच्या फोनवर, हात लांब करून वाचून बघा. प्रोजेक्टरवर छान दिसणारी अठरा ओळींची स्लाइड फोनवर मुंग्यांची रांग होते.

लाइव्ह ४५ मिनिटांत व्याख्यान नाही. प्रत्येक गटाला सहा मिनिटं, म्हणजे सहा गटांची ३६. उरलेली नऊ मिनिटं सूचना आणि उशिरा येणाऱ्यांसाठी. गटाने सहा मिनिटांत तीनच गोष्टी सांगायच्या: या आठवड्यात काय बदललं, का बदललं, कुठं अडलो. दुसऱ्या दोन गटांनी त्यांचं काम आदल्या रात्रीपर्यंत पाहून प्रत्येकी तीन ओळी लिहून ठेवायच्या: काय दिसलं, काय कळलं नाही, एक प्रश्न. "छान आहे" ही ओळ मोजायची नाही. लेखी आधी आणि बोलणं नंतर, हा क्रम महत्त्वाचा. नाहीतर नेहमीचे चार जण बोलतात आणि बाकीचे "नेटवर्क नाही सर" मध्ये लपतात.

कधीतरी एखादा विद्यार्थी आजारी असतो, किंवा पुण्याहून कुणी पाहुणा परीक्षक ऑनलाइन येतो, आणि वर्गाच्या दिवशी कॉल लावावाच लागतो. तेव्हा बिघडतो तो आवाज. चित्र सहसा ठीकच असतं. एकाच खोलीत दोन उपकरणांचे माइक आणि स्पीकर चालू राहिले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, फिरून येतो आणि शिट्टी वाजते. खोलीत एकच उपकरण बोलेल आणि ऐकवेल. बाकी सगळ्यांचे माइक बंद आणि आवाज शून्य. दुसरी अडचण म्हणजे पंखा. मार्चनंतर सोलापुरात पंखे बंद ठेवा म्हणणं शक्य नाही, आणि लॅपटॉपचा माइक पंख्याची घरघर माणसाच्या आवाजाइतक्याच प्रेमाने उचलतो. साधा वायरवाला कॉलर माइक तोंडापासून वीतभर अंतरावर लावला की प्रश्न मिटतो. कागद दाखवायला दुसरा फोन स्टँडवर टेबलाकडे तोंड करून लावा आणि तो कॉलमध्ये मुका जोडा. राउटर इन्व्हर्टरवर आहे का हे एकदा स्वतः स्विच बंद करून पाहा. लाइट गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो आणि राउटर बंद पडतो, हे ऐन वेळी कळतं.

गट पाडताना

गट चौघांचा. तिघांमध्ये एक गैरहजर असला की काम थांबतं. पाचांमध्ये एकाला लपायला जागा मिळते.

मुलांना स्वतः गट पाडू दिले तर मैत्रीचे गट होतात, आणि प्रत्येक वर्गात कुणालाच नको असलेली तीन-चार मुलं शेवटी एका गटात येतात. पहिल्या दिवशी पाच प्रश्नांचा फॉर्म भरून घ्या: राहता कुठं, आठवड्यात मोकळ्या वेळा कोणत्या, लॅपटॉप आहे का, घरी आणि बाहेर कोणत्या भाषा बोलता, आणि चित्र, कोड, बोलणं, लिहिणं यांपैकी काय जमतं. गट पाडताना पहिली चाळणी मोकळ्या वेळेची लावा. चौघांना आठवड्यात एक सलग दोन तासांची सामाईक वेळ मिळाली पाहिजे. गट मोडतात ते बहुतेकदा याच कारणाने. कौशल्य कमी पडून फार थोडे मोडतात. दुसरी चाळणी: गटात किमान दोन लॅपटॉप. तिसरी भाषांची. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू बोलणारी मुलं वर्गात असतातच. ती तिन्ही एका गटात आली तर चाचणीच्या वेळी तो गट बाजी मारतो. कौशल्य चौथ्या क्रमांकावर. एकटी मुलगी तीन मुलांच्या गटात टाकू नका; बाजारात जाऊन करायच्या कामात तिचीच अडचण होते.

पहिले दोन आठवडे मात्र चिठ्ठ्या टाकून गट करा आणि छोटं काम द्या. चुका इथं होऊ द्याव्यात, कारण या कामाला मार्क नाहीत. खरा गट तिसऱ्या आठवड्यात.

भूमिका चार: नोंदी, बांधणी, चाचणी, समन्वय. दर तीन आठवड्यांनी फिरवा. फिरवल्या नाहीत तर "कोड तोच करतो" असं होतं, आणि तो आजारी पडला की प्रकल्प आजारी पडतो. शिवाय चौघांनी अर्ध्या पानाचा करार लिहायचा. मेसेजला किती तासांत उत्तर द्यायचं, वायरी-सेन्सरची पेटी (तिची यादी पुढं आहे) कुणाच्या घरी राहणार, आणि कुणी काम केलं नाही तर शिक्षकांना किती दिवसांनी सांगायचं. शेवटचं कलम लेखी असलं की तक्रार करणारा चुगलखोर ठरत नाही. तीन दिवस ही मुदत बरी.

व्हॉट्सअॅप ग्रुप होणारच, त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. पण तिथं फक्त "कुठं आहेस" एवढंच चालेल. निर्णय एका सामाईक गूगल डॉकमध्ये, ज्याला निर्णयवही म्हणू: तारीख, काय ठरलं, का ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. दोन ओळी पुरतात. फाइलींची नावं "गट३-आठवडा०६-आवृत्ती२" अशीच. "फायनल-नवीन-खरंचफायनल" नावाची फाइल स्वीकारायची नाही, म्हणजे नाही.

पहिला सराव: चादरीचा ग्राफ

स्क्रीन म्हणजे चौकटींची जाळी, हे शिकवायला सोलापुरात लॅपटॉप लागत नाही. जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणल्या जाणाऱ्या चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवावी लागते. एक चौकट भरलेली की रिकामी, एवढाच प्रश्न. जेकार्डचं यंत्र १८०४ चं आणि त्याची छिद्रांची कार्डं ही पुढच्या संगणकी पंच-कार्डांची आजी. वर्गातल्या दोन-चार मुलांच्या घरी कुणीतरी मागावर काम केलेलं असतंच. त्यांना बोलू द्या.

काम असं: १६ बाय १६ चौकटींत तीन चिन्हं काढायची. नळ, बस, चप्पल. फक्त काळं आणि पांढरं. वेळ ४० मिनिटं. मग कागद भिंतीला लावून तीन मीटरवरून दुसऱ्या गटाने ओळखायचं. चप्पल बहुतेकांना मासा वाटते. तपशील वाढवून चिन्ह सुधारत नाही, बाह्यरेषा बदलून सुधारतं, हे यातून आपोआप कळतं.

विषय शोधणं

"सोलापूरचा पाणीप्रश्न" असा विषय घेऊन गट आला तर परत पाठवा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे "आज येणार का, किती वाजता" ही माहिती घराघरांत लागते, इथपर्यंत खरं. पण प्रकल्प व्हायला तो अजून अरुंद करावा लागतो: "फोन न वापरणाऱ्या आजीला, आज आपल्या गल्लीत पाणी आहे की नाही हे स्वयंपाकघरातून उठल्याशिवाय कळावं." एक माणूस, एक जागा, एक प्रश्न. आता याचं उत्तर ॲप असेलच असं नाही, भिंतीवरचा दिवाही असू शकतो. कोर्सचं निम्मं काम या वाक्याने होतं.

तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक गटाला ४० मिनिटं निरीक्षण. नवी पेठेतलं कापडाचं दुकान, सिटी बसचा थांबा, एसटी स्टँडची चौकशी खिडकी, देवळाबाहेरचं चप्पल स्टँड, दवाखान्याची केस पेपरची खिडकी. आधी मुलाखती घेऊ नका, मोजा. किती जणांनी विचारलं, एकच प्रश्न किती वेळा आला, बोर्ड असूनही किती जणांनी विचारलं. शेवटचा आकडा सगळ्यात कामाचा. दुकानात जायचं तर कॉलेजचं पत्र आणि दुकानदाराची आधीची परवानगी हवी. गिऱ्हाइकाच्या वेळी जाऊ नका. सणाच्या आठवड्यात तर मुळीच नको. दवाखान्यात फोटो काढायचे नाहीत.

कागदी प्रोटोटाइप

पाचव्या आठवड्यात सगळे लॅपटॉप बंद. प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीपुरता कच्चा नमुना, कागदावरच. पुठ्ठ्यातून ७ बाय १५ सेंटीमीटरची फोनची चौकट कापा, त्याच मापाच्या पट्ट्यांवर स्क्रीन काढा. पेन्सिल नको, जाड मार्कर. पेन्सिलीने मुलं बारीक अक्षर काढतात आणि मग एका स्क्रीनवर अकरा गोष्टी मावतात. कमाल आठ स्क्रीन, वेळ ९० मिनिटं. चाचणीत एक जण संगणक होतो: समोरच्याने बोट ठेवलं की पट्टी बदलायची, तोंडातून शब्द काढायचा नाही.

हा टप्पा फोनवाल्या मुलांसाठीही महत्त्वाचा. फिग्मात (स्क्रीनची मांडणी करायच्या साधनात) संपादन करायला लॅपटॉप किंवा डेस्कटॉप लागतो, फोनवर तयार प्रोटोटाइप बघता येतो. कागदावर सगळे सारखे. पुढं फिग्मा वापरायचं तर शिक्षणासाठीची मोफत योजना घ्या. तिची पडताळणी व्हायला वेळ जाऊ शकतो, म्हणून दोन आठवडे आधी अर्ज करायला लावा. पेनपॉट हा मुक्त स्रोत पर्याय आहे. कॉलेजच्या सर्व्हरवर बसवला तर खात्यांची कटकट राहत नाही.

मराठी, कन्नड, तेलुगू: एकाच बटणावर

डिझाइन इंग्रजीत करून शेवटच्या आठवड्यात भाषांतर चिकटवलं की सगळी मांडणी फुटते. म्हणून पहिल्या डिजिटल स्क्रीनपासून खरा मजकूर भरा.

देवनागरीत मात्रा, वेलांटी आणि रफार वर जातात, उकार आणि जोडाक्षरं खाली. ओळींतलं अंतर १.२ पट ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. दीडपटीपासून सुरू करा. कन्नड आणि तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो, त्यांना अजून थोडी जागा लागते. बटणाची उंची या दोन भाषांवरून ठरवा, मराठीवरून नको. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह आवरा, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. चाचणीचे शब्द ठरवून ठेवा: "विठ्ठल", "कर्तृत्व", "ऱ्हस्व", "सुऱ्या", "ट्रॅक्टर". हे पाच नीट दिसले तर बाकी बहुतेक दिसतं. वेबपानाची भाषा मराठी अशी नोंदवली नाही तर नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मुलांना ते खटकत नाही, आजीला खटकतं.

पी-फाइव्ह जेएस (ब्राउझरमध्ये कोडने चित्रं काढायची लायब्ररी) वापरत असाल तर एक खड्डा लक्षात ठेवा. त्याच्या पहिल्या मालिकेच्या आवृत्त्यांत फॉन्टची फाइल लोडफॉन्ट या आज्ञेने उचलली की जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांटी भलतीकडे जाते. तोच फॉन्ट पानात वेबफॉन्ट म्हणून जोडा आणि टेक्स्टफॉन्ट या आज्ञेला फक्त नाव द्या. अक्षरं जुळवायचं काम मग ब्राउझर करतो.

बोटाने दाबायच्या जागेसाठी अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपी, ॲपलची ४४ पॉइंट (दोन्ही स्क्रीनवरच्या मापाची एककं). मजकूर आणि पार्श्वभूमीतला उजेडाचा फरक किमान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांना ३ ला १. हे किमान आहे. फोन दुपारी दोन वाजता सात रस्त्यावर उन्हात धरून बघा. राखाडीवर राखाडी लिहिणाऱ्यांचा हट्ट तिथंच उतरतो.

तारा, फॉइल आणि सेन्सर

प्रत्येक गटाला एक पेटी: लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो बोर्ड (कोडने चालणारा आर्डुइनो पद्धतीचा छोटा सर्किट बोर्ड) १, ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून जोडायची पाटी) १, जंपर वायर ४०, पुशबटण ६, एलईडी १०, २२० ओमचे रेझिस्टर १०, १० किलोओमचे ५, एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर) २, एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक (आवाजाने अंतर मोजणारा) सेन्सर १, बझर १, यूएसबी केबल १. शिवाय घरून ॲल्युमिनियम फॉइल, पुठ्ठा, भांडी घासायचा नवा स्पंज.

उनो (त्याच घराण्यातला नेहमीचा बोर्ड) सोडून लिओनार्डो घ्यायचं कारण: तो संगणकाला थेट कीबोर्ड म्हणून दिसतो. ओटीजी केबलने फोनलाही चालतो, त्यामुळे लॅपटॉप नसलेली मुलं घरी काम करू शकतात. उनो सिरियल पोर्टवर बोलतो, आणि ब्राउझरमधून त्याच्याशी बोलायचं तर डेस्कटॉपचं क्रोम किंवा एज लागतं. लिओनार्डोचा धोकाही तिथंच आहे. कोड चुकला तर बोर्ड न थांबता अक्षरं टाइप करत सुटतो आणि लॅपटॉप वापरता येत नाही. पहिल्या ओळींतच अट घाला: अमुक पिन बोर्डवरच्या ग्राउंडला (GND) जोडलेली असेल तरच टाइप कर. ती वायर उपटली की गोंधळ थांबतो.

फॉइलचं बटण बनवताना मुलं एक वायर फॉइलला जोडतात आणि बोट लावून वाट बघतात. काही होत नाही, कारण पिनला "न दाबलेलं" या स्थितीत धरून ठेवणारा आतला पुलअप रेझिस्टर २० ते ५० किलोओमचा आणि कोरड्या कातडीचा अडथळा त्याहून कितीतरी जास्त. फॉइलचे दोन तुकडे घ्या, मधे भोक पाडलेला स्पंज. दाबलं की फॉइल फॉइलला टेकतं. एकदा दाबून तीनदा नोंद होत असेल तर कोडमध्ये ३० ते ५० मिलिसेकंद थांबा.

एचसी-एसआर०४ कागदावर २ सेंटीमीटर ते ४ मीटर मोजतो. प्रत्यक्षात समोर पुठ्ठा असेल तर मोजतो, चादर असेल तर नाही. मऊ, खरबरीत कापड आवाज गिळतं आणि परत फार थोडं पाठवतं. कापड दुकानाचा प्रकल्प घेतलेला गट इथं हमखास अडकतो. सेन्सर कापडाकडे नको, माणसाच्या बाजूने असलेल्या कडक पृष्ठभागाकडे वळवा किंवा सरळ बटण वापरा. दोन मोजण्यांमध्ये ६० मिलिसेकंद सोडा. पल्सइनला (प्रतिध्वनीची वेळ मोजणाऱ्या आज्ञेला) वेळेची मर्यादा दिली नाही तर प्रतिध्वनी न आल्यास ते पूर्ण एक सेकंद थांबतं आणि सगळं अडखळतं. ३०,००० मायक्रोसेकंद पुरे.

एलडीआरचा उंबरठा (उजेड आणि अंधार यांतली सीमा) वर्गात ठरवून बाहेर नेऊ नका. वर्गातला "उजेड" हा बाहेरच्या सोलापुरात जवळजवळ अंधारच असतो. प्रत्येक जागी सुरुवातीचे पाच सेकंद मोजून उंबरठा आपोआप ठरवणारा कोड लिहा.

"बोर्ड दिसत नाही" या तक्रारीवर आधी केबल बदला. बऱ्याच स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात. प्रदर्शनात पॉवरबँकवर चालवायचं तर आदल्या दिवशी अर्धा तास चालवून बघा. बोर्ड इतका कमी करंट ओढतो की कित्येक पॉवरबँक "काही जोडलेलंच नाही" समजून बंद होतात. १६ बाय २ चा स्वस्त एलसीडी मराठीसाठी घेऊ नका. त्यात स्वतःची अक्षरं फक्त आठच भरता येतात.

माणसांवर चाचणी

सहाव्या आठवड्यात कागदावर, बाराव्यात चालत्या वस्तूवर. प्रत्येक वेळी पाच माणसं, प्रत्येकी १५ मिनिटं. वर्गमित्र चालणार नाहीत. पाचांतले दोघं पन्नाशीच्या पुढचे आणि एक तरी घरी मराठी न बोलणारा असावा.

१. एक जण बोलेल, एक लिहील, एक वस्तू सांभाळेल, चौथा पुढच्या माणसाला बसवून पाणी देईल. बोलणारा एकच, दुसऱ्या कुणी बोलायचं नाही.

२. सुरुवातीला सांगा: "परीक्षा वस्तूची आहे, तुमची नाही." परवानगी त्यांच्या भाषेत घ्या. चित्रीकरण हात आणि स्क्रीनचंच, चेहरा नको. १८ च्या आतलं कुणी असेल तर पालकांची संमती.

३. काम सांगताना बटणाचं नाव उच्चारू नका. "वेळापत्रक दाबा" म्हटलं की चाचणी संपली. "समजा उद्या तुमच्याकडे पाहुणे आहेत, पाणी आज भरून ठेवायचं का, ते बघून सांगा" असं म्हणा.

४. माणूस अडला की मनात दहापर्यंत मोजा. मुलांना हे सगळ्यात जड जातं. तिसऱ्या सेकंदाला कुणीतरी "काकू, ते वरचं..." म्हणतंच. असं झालं की त्या कामाची नोंद "मदत केली" अशी करायची, "जमलं" अशी नाही.

५. नोंदीत आधी काय केलं, मग काय म्हणाले, आणि आपला अर्थ वेगळ्या रकान्यात.

"छान केलंय बाळांनो" हा निष्कर्ष नव्हे. सोलापुरात समोर बसवून विचारलं तर कुणी वाईट म्हणत नाही. हातांकडे बघा. गुणांकन करणाऱ्या प्रश्नावल्याही या टप्प्यावर नकोत. दहा प्रश्नांच्या एसयूएसची (वस्तू वापरायला किती सोपी वाटली हे विचारणाऱ्या प्रश्नावलीची) सरासरी पाच माणसांवर काढून अहवालात दशांश चिन्ह येतं, माहिती येत नाही.

जे अजून बनलेलं नाही ते पडद्यामागून माणसाने चालवलं तरी चालतं. आवाज ओळखणारं यंत्र बनवण्यात चार आठवडे घालवण्यापेक्षा मागे बसून कीबोर्ड दाबा. लोक त्या यंत्राशी बोलतात तरी का, हे एका दुपारी कळतं.

मार्क

गटाचे ८०: प्रक्रिया आणि निर्णयवही २५, वस्तू ३०, दोन्ही चाचण्या २५. उरलेले २० व्हायवाचे (तोंडी परीक्षेचे), प्रत्येकाचे स्वतंत्र.

गटाच्या ८० मध्ये आळशी आणि राबणारा यांत फरक करायचा तर सहकाऱ्यांकडून गुण घ्या. प्रत्येकाने ३० गुण बाकीच्या तिघांत वाटायचे, स्वतःला शून्य. सरासरी प्रत्येकाला ३० मिळतात. मिळालेले गुण भागिले ३० हा गुणक, तो ०.८५ ते १.१ मध्येच ठेवा. गटाला ६४ पडले असतील तर ३३ मिळालेल्याचा गुणक १.१ आणि मार्क ७०.४. २४ मिळालेल्याचा ०.८, पण मर्यादेमुळे ०.८५, म्हणजे ५४.४.

पहिल्यांदा सगळे १०-१०-१० लिहितात. म्हणून पाचव्या आठवड्यात एकदा मार्कांशिवाय घ्या, आणि समान वाटणीलाही एका ओळीचं कारण मागा. फॉर्म गुप्त ठेवा. उलट बाजूने, तिघांनी मिळून एकाला पाडल्याचं दिसलं तर निर्णयवही आणि फाइलींचा आवृत्ती-इतिहास उघडा. कुणी कधी काय केलं ते तारखेसकट तिथं असतं. इतिहास आणि गुण जुळत नसतील तर गुणक लावू नका, चौघांचा व्हायवा दहा मिनिटांनी वाढवा.

व्हायवात प्रत्येकाला दुसऱ्याने केलेला भाग उघडून दाखवायला सांगा: कोड करणाऱ्याला चाचणीची नोंद, चाचणी घेणारीला बोर्डवरची एक वायर. उपटलेली वायर परत योग्य पिनला लावता आली की बरंच काही कळतं.

शेवटच्या दिवशी पेट्या परत घेताना झाकणाच्या आतल्या यादीवर गटाची सही घ्या. बिघडलेला सेन्सर परत पेटीत टाकू नका, त्याची वायर कापून वेगळा ठेवा. नाहीतर पुढच्या बॅचचा एक गट आठवडाभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. चाचणीचं चित्रीकरण निकाल लागल्यावर पुसून टाका. निर्णयवह्या मात्र ठेवा, पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी वाचायला द्यायला.